शिडाच्या दोऱ्या

खोली बघायला गेले तेव्हा काकांनी मला पगार विचारला नाही की गाव विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "सुईत दोरा ओवता येतो का?"

"येतो," मी म्हटलं.

"चष्म्याशिवाय?"

"मला चष्मा नाही अजून."

"मग खोली तुझी."

आतून काकूंचा आवाज आला, "अवो, आधी तिला बसा तरी म्हना! पोरगी सकाळपासून उपाशी असंल."

ऐंशीच्या दशकाचा शेवट होता. मी माण तालुक्यातली. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. बँकेची परीक्षा पास झाले आणि पहिली नेमणूक ठाण्याला मिळाली. वडील मला सोडायला आले होते. ते शेतमजुरी करायचे आणि उरलेल्या वेळात लोकांच्या बाजा विणून द्यायचे. काकांच्या हॉलमध्ये उभे राहून ते एवढंच म्हणाले, "हे समदं हातानं केलंय?" आणि कशालाही हात न लावता, पाठीमागे हात बांधून बराच वेळ बघत राहिले.

बघण्यासारखंच होतं. कोपरीतला तो साधा दोन खोल्यांचा आणि एका हॉलचा फ्लॅट. लोकांकडे सोफा असतो तिथं काकांचं लांबलचक लाकडी टेबल होतं, आणि भिंतीभर काचेची कपाटं. कपाटांत गलबतं. तीन डोलकाठ्यांची, दोन डोलकाठ्यांची, तोफांच्या खिडक्या असलेली, काही तर माझ्या तळहातावर मावतील एवढी. काका वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. वाचनालयातल्या जुन्या पुस्तकांतून ते गलबतांची चित्रं ट्रेसिंग पेपरवर उतरवून आणत, मग घरी बसून मापं काढत. लाकडासाठी कल्याणला जात. तिथल्या वखारीत मोडलेल्या दरवाजांच्या सागवानी चौकटी मिळायच्या. "पन्नास वर्षं ऊनपाऊस खाल्लेलं लाकूड आहे," काका म्हणायचे. "आता ते कुठेही वाकडं व्हायचं नाही."

वाकवावं मात्र काकांना लागे. होडीच्या कडेच्या पट्ट्या वाकवायला ते भाताच्या आधणाची वाफ वापरत. काकू तांदूळ धुऊन उभ्या असायच्या आणि पातेल्यावर सागाच्या पातळ फळ्या आडव्या. "आज भात हाय का साग हाय?" त्या विचारायच्या. वाकवलेली पट्टी सुकेपर्यंत धरून ठेवायला कपड्यांचे चिमटे लागत. त्यामुळे आमच्या दोरीवरचे कपडे वाऱ्यानं खालच्या मजल्यावर जायचे आणि खालच्या वहिनी वर येऊन विचारायच्या, "काकू, होडीचं काम निघालंय वाटतं?"

माझं काम दोऱ्यांचं. डोलकाठी दोन्ही बाजूंनी ताणून धरणाऱ्या दोऱ्या, शीड वर चढवायची दोरी, शिडाचा खालचा कोपरा ओढून धरणारी दोरी. काका गोधडीचा दोरा चहाच्या पाण्यात उकळून तपकिरी करायचे. मग त्याचे पदर हातड्रिलच्या टोकाला अडकवून पीळ भरायचा. मी दुसरं टोक धरून जिन्यापर्यंत मागे मागे जायचे. त्या वेळात कोणी जिना चढून आलं की दोऱ्याखालून वाकून जावं लागे. सोसायटीचे सेक्रेटरी एकदा वाकले आणि म्हणाले, "काका, कधी निघताय मग आफ्रिकेला?"

"पाण्याचं बिल भरून निघतो," काका म्हणाले.

गाठींच्या बाबतीत मात्र ते थट्टा ऐकून घेत नसत. पहिल्याच रविवारी मी एक गाठ मारली आणि ती सरकू नये म्हणून वर गोंदाचा थेंब ठेवला. मला वाटलं, शाबासकी मिळेल. काकांनी ब्लेडनं ती गाठ कापली आणि नवा दोरा माझ्या हातात दिला.

"गोंद नाही. उद्या सोडता आली पाहिजे."

"पण काका, ती काचेच्या कपाटात जाणार. कोण सोडणार?"

"कोणी नाही सोडणार. पण सुटली पाहिजे."

मी तेव्हा नवीन होते, हसू दाबलं. त्या तळहाताएवढ्या गलबतावरची एकूण एक दोरी खरोखरच सुटत होती, कप्पीतून सरकत होती. कप्प्या त्यांनी बांबूच्या कामट्या कापून केलेल्या, तांदळाच्या दाण्यांहून थोड्या मोठ्या. काचेबाहेरून हे कुणालाच दिसायचं नाही. ते तसं करत, एवढंच. कुणी बघत नसताना असं नेटकं काम करणारा माणूस मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. नंतरही फार बघितले नाहीत.

काका मूळचे चेंदणी कोळीवाड्यातले. त्यांच्या घराण्यात शिकलेले ते पहिले. काकूही तिथल्याच, आणि त्यांच्या माहेरी होडी होती. काकूंचे थोरले भाऊ ती चालवायचे. पुढे मी त्यांना मामा म्हणायला लागले. खाडीत मासळी उरली नाही, जाळ्यात गाळ आणि फेस यायला लागला, तेव्हा मामांनी होडी विकायला काढली. कोणी विकत घेईना, म्हणून ती फोडली. लाकूड चुलीत गेलं. मामा माजिवड्याला एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन म्हणून लागले. तेव्हापासून ते बंदरावर गेले नव्हते. घर बंदरापासून हाकेच्या अंतरावर, पण कामाला जाताना ते उलट्या बाजूची गल्ली धरायचे. नारळी पौर्णिमेलासुद्धा दार लावून झोपून राहायचे. बहिणीकडेही येणं सोडलं. काकू त्यांच्याकडे जाऊन आल्या की भाजी निवडता निवडता म्हणायच्या, "मिठाची गुळणी धरून बसतो. विचारलेल्याचं उत्तर नाय. पान्याकडे पाठ करून किती दिवस जगंल तो?"

त्यांना एकच हवं होतं. भावानं पुन्हा एकदा बंदरावर यावं.

होडीची कल्पना काकांची. "तुझ्या माहेरची होडी करू," ते एका रविवारी म्हणाले. "अगदी तशीच. दादाला देऊ."

काकू म्हणाल्या, "माप कुठून आनाल? होडी तर राख झाली."

"तुझ्याकडून."

काकूंच्या आठवणीतून होडीचं माप कसं काढलं ते मी कधी विसरणार नाही. हॉलमध्ये पाट मांडला. काकू पाटावर बसल्या, काका टेप घेऊन गुडघ्यावर.

"होडीत बसलीस की काठ कुठवर यायचा?"

"इथं." काकूंनी हात बाजूला काढून कोपर टेकल्यासारखं केलं. "कोपर टेकवून मी चणे खायची."

"तेव्हा केवढी होतीस तू?"

"परकरात होते."

"म्हणजे उंची केवढी?"

"मला काय ठाऊक? तुम्ही तवा बघायला आला होता का मना?"

काकांनी शेजारची परकर घालणारी मुलगी बोलावून पाटावर बसवली. तिचं कोपर मोजलं. तिला चणे दिले. मग काकूंनी डोळे मिटून सांगायचं आणि काकांनी ट्रेसिंग पेपरवर काढायचं. डोलकाठी किती पुढे झुकलेली, शिडाची आडवी काठी केवढी, मासळी ठेवायची जागा कुठं. त्या आडव्या काठीला काकू परबाण म्हणायच्या. एखादी रेघ चुकली की त्या न बघताच म्हणत, "नाय, तिथं बाबांचा पाय असायचा." चार चौघांत बसून कारखान्याचे नकाशे काढणारा माणूस बायकोच्या लहानपणावरून नकाशा काढत होता आणि एकदाही म्हणाला नाही की हे असं होत नसतं.

हिवाळ्यात सांगाडा झाला. होळीपर्यंत फळ्या बसल्या. होडी माझ्या हाताएवढी लांब झाली, आतून पोकळ, खरी. काकूंनी मांजरपाटाचं शीड शिवलं आणि त्याला मुद्दाम एक ठिगळ लावलं, कारण मूळच्या शिडाला होतं. मे महिन्यात मी दोऱ्या बांधल्या.

मी जीव ओतून बांधल्या. वडील बाज विणायचे तेव्हा चौकटीला पाय लावून दोरी ओढायचे. सैल राहिली तर बाजेची झोळी होते. विणून झाली की टिचकी मारायची, ती वाजली पाहिजे. मी तशीच एकेक दोरी ओढून घेतली आणि टिचकी मारून बघितली. बारीक टणत्कार यायचा. काकांना अभिमानानं ऐकवलं. ते त्या वेळी सुकाणू तासत होते. म्हणाले, "छान."

काकूंनी तोवर भावाकडे विषय काढला होता. चार वेळा मामांनी तोंड फिरवलं, पाचव्यांदा म्हणाले, "बघू." त्या एका शब्दावर काकू आठवडाभर गुणगुणत होत्या. त्यांनी ठरवलं, नारळी पौर्णिमेला होडी पाण्याला लावायची आणि तिथून दादानं ती घरी न्यायची.

काका दचकले. "पाण्याला? अगं, ही शोकेसची होडी आहे. उलटली तर सगळं गेलं."

"पान्याला न लागलेली होडी आमच्यात घरात घेत नाय."

"मग ही कपाटातली एवढी गलबतं?"

"ती चित्रातली. ही माज्या बापाची हाय."

"बरं, निदान आधी टबात बघू, किती बुडते."

"पयलं पानी खाडीचं," काकू म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. विषय संपला.

जुलैतल्या एका रविवारी सकाळी आम्ही चहा पीत होतो. बाहेर पावसाची रिपरिप, भिंतींना ओल. टेबलावरून "टक्" असा आवाज आला. आम्ही तिघांनीही मान वळवली. डोलकाठी वरच्या टोकापासून उभी चिरली होती. परबाण धनुष्यासारखं वाकलं होतं.

मला काही कळेना. मी जवळ गेले तर दोऱ्या मी बांधल्या त्याहून ताठ झालेल्या. काकांनी एका दोरीवर बोट ठेवलं आणि बराच वेळ काढलं नाही. मग माझ्याकडे बघितलं आणि चक्क हसायला लागले.

"पोरी, तू बाज विणलीस!"

त्यांनी मला समजावून सांगितलं. सुती दोरा दमट हवेत फुगतो आणि जाडीला वाढला की लांबीला आखडतो. होडीवरची माणसं म्हणूनच पावसाळी हवेत दोऱ्या ढिल्या करतात. माझ्या गावी पाऊस पाहुण्यासारखा येतो. दोरी आपली आपण आखडते हे मला कुठून माहीत असणार? "आणि मला माहीत होतं," काका म्हणाले, "पण तू टिचकी वाजवलीस तेव्हा मी लाकडात डोकं घालून बसलो होतो."

काकूंनी चिरलेल्या काठीला हात लावला आणि म्हणाल्या, "दादानं बघू म्हटलंय. आता नाय झालं तर तो परत बघू म्हननार नाय."

पौर्णिमा तोंडावर आली होती. नवी डोलकाठी करायची तर सरळ रेषांचं, मुरलेलं लाकूड हवं. घरात होते ते तुकडे आखूड. कल्याणची वखार पावसात बंद, आणि तिथलं लाकूडही या दिवसांत ओलं. काका खोलीभर फिरले. मग दाराआड खिळ्याला टांगलेला त्यांचा टी-स्क्वेअर काढला. नकाशे आखायची ती लांब लाकडी पट्टी त्यांनी डिप्लोमाच्या पहिल्या वर्षी घेतली होती. तिच्या कडा बोटांनी गुळगुळीत झालेल्या. रविवारी दुपारी ते ती कापडानं पुसायचे, आणि काकूंनासुद्धा ती हलवायची परवानगी नव्हती.

त्यांनी ती टेबलावर ठेवली आणि करवत घेतली.

"अवो!" काकू ओरडल्या.

"ऑफिसात आता ड्राफ्टिंग मशीन आलंय," काका म्हणाले. "हिचा काय उपयोग?"

तो उपयोग मी रोज बघत होते. होडीचे सगळे नकाशे त्याच पट्टीवर झाले होते. पण ते असं बोलले, की दुसऱ्यानं हळहळायला जागाच राहू नये. पट्टीतून डोलकाठी निघाली, परबाणही निघालं. तासताना ते नेहमीसारखे शीळ घालत होते.

दोऱ्या आता काका स्वतः बांधतील असं मी धरून चालले होते. मी दूरच बसले. त्यांनी सुई आणि दोरा माझ्यापुढे सरकवला. "दोरी तूच बांधायची. दोरा आधी भिजव. आणि टिचकी मारू नकोस."

आमच्या कॉलेजात एक गणित चुकलं की वही फेकली जायची. चुकलेल्याच्याच हातात पुन्हा काम देणारा गुरू मला पगारी नोकरी लागल्यावर, भाड्याच्या घरात भेटला. मी दोरा भिजवला. गाठी मारल्या. गोंद लावला नाही.

पौर्णिमेच्या दुपारी भरतीच्या वेळी आम्ही मीठबंदरावर गेलो. मिरवणूक संध्याकाळची होती, तरी बायका जरीच्या साड्या नेसून यायला लागल्या होत्या, कुठंतरी बँडवाले वाद्यं पुसत होते. होडीच्या पोटात वजनासाठी काकूंच्या जुन्या जाळ्याच्या शिशाच्या गोळ्या घातल्या होत्या. काकू सारख्या मागे वळून बघत होत्या.

मामा आले. पण पायऱ्यांपर्यंत नाही. वर भिंतीला टेकून उभे राहिले, खाकी पँट, हातात डबा. काकूंनी हाक मारली तर म्हणाले, "ड्युटी हाय. इथंच बरा हाय मी."

काकूंनी होडीला हळदकुंकू लावलं, नारळ वाढवला. काका पँट दुमडून शेवटच्या पायरीवर उतरले आणि त्यांनी होडी पाण्यावर ठेवली.

होडी क्षणभर सरळ उभी राहिली. मग वारा शिडात भरला आणि ती एका कुशीवर कलली. आणखी कलली. काठावरून पाणी आत जायला लागलं. पायरीवरची पोरं ओरडली, "डुबली! डुबली!" काका धावले, पण धरावं कुठं ते त्यांना कळेना. जिथं धरतील तिथं काहीतरी मोडलं असतं.

"ढील दे! अरं, ढील दे तिला!"

मागून आवाज आला आणि आवाजामागून मामा. डबा भिंतीवरच राहिला होता. ते चपलांसकट पाण्यात उतरले, कंबरभर. एका हातानं होडी खालून उचलून धरली आणि दुसऱ्या हाताच्या नखानं शिडाच्या खालच्या कोपऱ्याची गाठ ओढली. गाठ सुटली. दोरी कप्पीतून सरसरत पुढे गेली, शीड बाहेर झुकलं, वारा निसटला. त्यांनी दोन बोटं आत घालून शिशाच्या गोळ्या सारख्या केल्या आणि हात काढला. होडी सरळ झाली आणि खाडीकडे तोंड करून निघाली. मामांनी दोरीचं टोक बोटाला गुंडाळून ठेवलं होतं.

मामांनी तसंच पाण्यात उभं राहून विचारलं, "गाठी कोनी मारल्या?"

"हिनं," काकू म्हणाल्या. "घाटावरची हाय."

"घाटावरची?" त्यांनी मला आपादमस्तक बघितलं. "सुटतान बऱ्या."

एवढंच. मग त्यांनी होडी उचलली, काखेत धरली आणि पाणी गळत्या पँटीनं कोळीवाड्याच्या दिशेनं निघाले. जेवणाचा डबा काकूंनी मागाहून पोचवला. होडीबद्दल मामा बरं म्हणाले नाहीत, वाईटही नाही. काका पायरीवर चपला शोधत होते. घरी येईपर्यंत ते मला दोनदा म्हणाले, "वजन मागं जास्त झालं." काकू म्हणाल्या, "आला खरा. पन होडीसाठी आला. परत येईल का, कोन जाने."

दोन-तीन आठवडे मामांकडून काही निरोप नाही. टी-स्क्वेअरच्या जागी भिंतीवर नुसता खिळा होता. काका नव्या गलबताचा कागद काढायचे आणि पुन्हा गुंडाळून ठेवायचे.

मग एका रविवारी बेल वाजली. दारात मामा, काखेत होडी. आत येऊन त्यांनी ती टेबलावर ठेवली आणि पाणीही न पिता सुरू झाले, "पावनं, सुकानू आखूड हाय. वळत नाय ती. कोनी काढलं माप?"

काकांनी बायकोकडे बोट दाखवलं. "हिच्या कोपरावरून."

"हिच्या? ही तवा परकरात होती! हिला सुकानू दिसत तरी होता का? ही तोंड पुढं करून चने खायाची."

"दादा!" काकू म्हणाल्या.

"आन् पुढं वजन पायजेल. काल भरतीला नेलती मी तिला. वाऱ्याला तोंड धरत नाय."

काकूंच्या हातात चहाची किटली होती. त्या थांबल्या. "काल? बंदरावर?"

"मंग काय मोरीत नेऊ?"

काकूंनी किटली खाली ठेवली आणि लगबगीनं आत गेल्या. बराच वेळ भांड्यांचा उगाचच मोठा आवाज येत राहिला. काकांच्या कामाला त्यांच्याच घरात बसून कोणी एवढी नावं ठेवलेली मी ऐकली नव्हती, आणि काकांना एवढं खूश झालेलंही कधी बघितलं नव्हतं. त्यांनी स्वतःची खुर्ची मामांना दिली, टी-स्क्वेअरचा उरलेला तुकडा शोधून आणला आणि म्हणाले, "हं, दादा. सांगा, किती लांब?"

मामांनी वीत ठेवून दाखवली. मला म्हणाले, "पोरी, ती शिडाची दोरी आड येते, काढ आधी."

मी नखानं गाठ ओढली. सुटली.